घोड्याची चंदी, कासवाची भाजी

मित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि वायव्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, वरच्या बाजूला सातपुड्याच्या रांगा आणि खाली वाहणारी तापी. हा आपला नंदुरबार जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे आईबाबांच्या भूगोलाच्या जुन्या पुस्तकात तो बहुधा सापडायचा नाही! याच जिल्ह्यातल्या शहादे तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा नावाचं गाव आहे. आज आपल्याला तिथं जायचंय.

कशाला? तर एका कासवासाठी. तुमच्यापैकी कुणाच्या घरी किंवा शेजाऱ्यांकडे काचेच्या पेटीत एखादं लहानसं हिरवं कासव असेल. त्याच्या खाण्यावरून घरात रोज चर्चा होत असेल. ‘सुकट घाल’, ‘भात घाल’, ‘पालक घालून बघ’ अशी जो तो सूचना करतो आणि कासव मात्र मान आत ओढून गप्प बसतं. मग या बिचाऱ्याला द्यायचं तरी काय? याचं उत्तर शोधायला आपण निघालोय घोड्यांच्या बाजारात. हसू नका, कासवापर्यंत आपण नक्की पोचणार आहोत.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर दोंडाईचा स्टेशन आहे. तिथं उतरायचं आणि शहाद्याकडे जाणारी एसटी धरायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस, ऊस, केळी, पपई अशी शेतं दिसतात. मग तापीचा लांबलचक पूल लागतो आणि सारंगखेडा येतं. पुलावरून जाताना खिडकीतून नदी जरूर पाहा. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ ती उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. गोदावरी, कृष्णा पूर्वेकडे जातात, पण तापी आणि तिची शेजारीण नर्मदा मात्र पश्चिमेची वाट धरतात.

सारंगखेड्याचं दैवत म्हणजे एकमुखी दत्त. दत्ताची मूर्ती म्हटली की आपल्याला तीन मुखं आठवतात, इथं मात्र एकच मुख आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला इथं मोठी यात्रा सुरू होते. बहुतेक वर्षी हे दिवस डिसेंबरात येतात. दर्शनाची रांग, पाळणे, खेळण्यांची दुकानं हे सगळं असतंच, पण या यात्रेची खरी ओळख आहे घोडेबाजार! अलीकडच्या वर्षांत ‘चेतक फेस्टिव्हल’ या नावानं तिथं घोड्यांच्या शर्यती आणि नाचाच्या स्पर्धाही झाल्या. दूरदूरच्या राज्यांतून घोडेवाले येतात. एकीकडे अहिराणी, दुसरीकडे हिंदी, पलीकडे गुजराती, अशा बोली एकाच बाजारात कानावर पडतात.

आणि घोडे तरी किती तऱ्हांचे! मारवाडी आणि काठेवाडी घोडे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यांचे कान. कानांची टोकं आत वळलेली असतात, कधी कधी एकमेकांना टेकतातसुद्धा. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा दिसला की तो नुकरा. दोन रंगांचे मोठे पट्टे असले तर अबलख. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. घोडा विकत घेणारा माणूस आधी दात बघतो, मग पाय बघतो, चाल बघतो. आपण मात्र या बाजारात घोड्याच्या तोंडापुढे काय ठेवलंय ते बघणार आहोत.

घोड्याच्या खाण्याला दोन शब्द आहेत. एक वैरण आणि दुसरा चंदी. वैरण म्हणजे गवत, कडबा, लसूणघास असा चारा. चंदी म्हणजे हरभरे, जव यांसारखं धान्य. ही चंदी पुष्कळदा तोबऱ्यात घालतात आणि तो तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधतात. शहरातल्या माणसाला वाटतं, घोडा चण्यांवरच धावतो. पण वैरण हे त्याचं जेवण आणि चंदी ही जेवणाच्या जोडीची खुराक. हा क्रम उलटा केला की घोडा आजारी पडलाच म्हणून समजा.

असं का? कारण घोड्याच्या पोटाची रचनाच तशी आहे. एवढं ३५०-४०० किलोचं धूड, पण त्याचं जठर जेमतेम १० ते १५ लिटरचं! गाईच्या पोटातला पहिला कप्पाच त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून घोडा एका बैठकीत पोटभर जेवत नाही. मोकळ्या माळावर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो. गवतातला चिवट भाग पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले सूक्ष्मजीव तो हळूहळू पचवतात. एका घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के, म्हणजे सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. आणखी एक गंमत ऐका. घोड्याला उलटी करता येत नाही! जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं परत फिरत नाही. त्यामुळे एकदम भरपूर धान्य खाल्लं, की पोट फुगतं, पोटशूळ उठतो आणि कधी कधी जीवावर बेततं.

या यात्रेच्या बातम्यांत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या महागड्या घोड्याचा थाट वाचायला मिळतो. रोज इतके लिटर दूध, इतकं तूप, इतकी अंडी! ऐकायला मजा वाटते खरी. पण दूध हे शिंगराचं अन्न आहे. शिंगरू म्हणजे घोड्याचं पिल्लू. ते आईचं दूध पितं, हळूहळू गवत तोंडात घ्यायला शिकतं आणि मोठं झालं की दूध पचवायची त्याची ताकदच कमी होते. म्हणजे लहानपणी एक अन्न, मोठेपणी दुसरं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कासवाकडे गेल्यावर ती आपल्याला लागणार आहे.

दत्ताच्या गावात आलोय, तर एक कथाही आठवूया. भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे आणि तो अवधूत म्हणजेच दत्त असं मानतात. त्या चोवीसांत पृथ्वी, वारा, समुद्र आहेत, तसेच कितीतरी प्राणीही आहेत. माशी-भुंग्यांकडून थोडं थोडं घ्यायला शिकायचं आणि माशाकडून जिभेचा मोह टाळायला, कारण आमिषाच्या चवीपायी मासा गळाला लागतो. त्या यादीत घोडा नाही आणि कासवही नाही. पण प्राण्याकडे बघून शिकायचं, ही रीत तर आपल्याला उचलता येईल ना? चला तर मग, बाजारातून खाली नदीकडे.

सारंगखेड्याला तापीवर बॅरेज बांधलेलं आहे. अडवलेल्या संथ पाण्याच्या कडेला पाणवनस्पती वाढतात, शेवाळ धरतं, गोगलगायी आणि बेडूक असतात. आपल्या देशातल्या नद्या, तळी, कालवे अशा ठिकाणी राहणारं एक नेहमीचं कासव आहे. त्याची पाठ कठीण खवल्यांची नसते, तर गुळगुळीत कातडीची असते आणि पोटाखाली मागच्या पायांपाशी कातडीचे दोन पदर असतात. पाय आत ओढले की हे पदर दारासारखे मिटतात! हे कासव बेडूक, मासे, गोगलगायी खातं, मेलेले जीव खाऊन पाणी साफ करतं आणि पाणवनस्पतीही खातं. म्हणजे त्याचं ताट मिश्र आहे. त्या ताटात भात नाही, पोळी नाही आणि बिस्किट तर नाहीच नाही.

इथे एक महत्त्वाची सूचना. नदीत, शेतात, विहिरीत सापडलेलं कासव घरी आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. हे मऊ पाठीचं कासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं तारा कासव, या दोघांनाही या कायद्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. ‘घरात कासव ठेवलं की पैसा येतो’ अशा समजुतीपायी पुष्कळ कासवांचे हाल होतात. जखमी कासव दिसलं, तर मोठ्या माणसांना सांगून वनखात्याला कळवा.

मग घरोघरी काचपेटीत दिसतं ते कोणतं? बहुतेक वेळा ते असतं अमेरिकेतलं, लाल कानाचं कासव. खरं तर त्याला बाहेरचा कान नसतोच. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्यावरून हे नाव पडलं. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असतं. पुढे मात्र पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे पाचवीतल्या मुलानं आणलेलं कासव त्याच्या लग्नाच्या वरातीतही हजर असेल! आईबाबांनो, घेण्याआधी हा हिशेब करा आणि परदेशी प्राणी पाळण्याचे नियम काय आहेत याची वनखात्याकडे चौकशीही करा.

आता येऊया ताटाकडे. शिंगराची गोष्ट आठवते ना? या कासवाचंही तसंच आहे. पिल्लू असताना ते मुख्यतः किडे, गोगलगायी, लहान मासे खातं, कारण अंग वाढवायला प्रथिनं लागतात. मोठं होता होता ते वनस्पतींकडे वळतं आणि पूर्ण वाढलेल्या कासवाच्या खाण्यात अर्ध्याहून जास्त वाटा पाल्याचा असायला हवा. आपण काय करतो? दुकानातून वाळलेल्या कोळंबीची पुडी आणतो आणि पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत तीच घालत राहतो. कासव ती आवडीनं खातं, म्हणून आपल्यालाही बरं वाटतं. घोड्याला नुसते चणे घालण्यासारखंच झालं हे! पाला ही मोठ्या कासवाची वैरण आणि सुकट ही त्याची चंदी.

नुसत्या सुकटीनं बिघडतं काय? कासवाची पाठ हे काही त्याच्या अंगावर ठेवलेलं घर नव्हे. ती त्याच्या बरगड्या आणि कण्यापासूनच बनलेली असते. म्हणजे एवढं सगळं हाड! त्याला कॅल्शियम भरपूर लागतं. निव्वळ मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम फारच थोडं असतं. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं, की शरीर ते हाडांतूनच काढून घ्यायला लागतं. मग पाठ मऊ पडते, वाकडी होते, पाय अधू होतात. दुसरी उणीव म्हणजे अ जीवनसत्त्वाची. ते कमी पडलं की पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत आणि डोळे मिटलेलं कासव अन्न शोधू शकत नाही. पुष्कळ पिल्लं अशीच उपाशी मरतात आणि घरच्यांना वाटतं, ‘ते झोपलंय’.

तेव्हा चला मंडईत! शेवग्याचा पाला, मेथी, मुळ्याचा पाला या कासवासाठी चांगल्या भाज्या. गाजर आणि खान्देशात ज्याला गंगाफळ म्हणतात तो लाल भोपळा किसून द्यावा. त्यांच्या केशरी रंगातूनच अ जीवनसत्त्व तयार होतं. पालक, चुका आणि पोकळा मात्र अधूनमधूनच द्या. त्यांत ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि अंगी लागू देत नाही. कोबी-फ्लॉवरही क्वचितच. काकडीत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे ती चवीपुरती. शहाद्याकडची पपई गोड असते खरी, पण कासवाला तिचा नखाएवढा तुकडा कधीतरी पुरे. भात, पोळी, ब्रेड, दूध, फरसाण यांतलं काहीही द्यायचं नाही.

भाजी धुऊन, बारीक चिरून पाण्यातच टाका. पाण्यातल्या कासवाला कोरड्यावर नीट गिळता येत नाही, घास गिळायला पाणी लागतं. त्याला दात नसतात, चोचीसारखा कठीण ओठ असतो. पहिल्या दिवशी ते भाजीला तोंडही लावणार नाही. म्हणून लगेच पुडी उघडू नका. सकाळी भूक असताना आधी पाला, नंतर थोडी खुराक, असा क्रम ठेवा. घोड्याचं खाणं जसं एकदम बदलत नाहीत, तसं इथंही आठवडे-दोन आठवडे सबुरीनं घ्या. पिल्लाला रोज खुराक द्यावी, मोठ्याला एक-दोन दिवसांआड. पाला रोज चालेल. उरलेलं काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला, तर कासव तो कुरतडतं आणि कॅल्शियम मिळवतं.

‘आमच्या घरी मासे-मटण चालत नाही’ असं म्हणणारी घरंही असतील. त्यांनी निव्वळ पाल्यावर पिल्लू वाढवायचा हट्ट धरू नये. आपला नेम आपल्या ताटापुरता. कासवांसाठी तयार केलेल्या गोळ्या मिळतात, त्या आणि भाजी यांची जोडी ठेवावी. तेही चालत नसेल तर हा प्राणी न आणणंच बरं.

भाजीइतकंच दुसरं अन्न म्हणजे ऊन! उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. पण हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याला बाहेर ठेवा, चढायला कोरडा दगड द्या आणि बाजूला सावलीही ठेवा. काचेची पेटी तशीच उन्हात ठेवली, तर पाणी तापून घात होईल. थंडीत कासवाची भूक मंदावते, कारण त्याच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. अशा वेळी बळेबळे खाऊ घालू नका. पण डोळे सुजले, पाठ मऊ लागली किंवा ऊब असूनही खाणं सुटलं, तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्या.

कासव हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. त्याच्या अंगावर सालमोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांनी जुलाब-ताप येतो. याच कारणानं अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली गेली.

आता शेवटची गोष्ट. कासव मोठं झालं, पेटी पुरेना, की काही जण पुण्य समजून ते नदीत सोडतात. असं कदापि करू नका. हे परदेशी कासव दणकट आणि खादाड आहे. ते आपल्या कासवांच्या तोंडचा घास आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. युरोपातल्या नद्या-तळ्यांत अशी कासवं सोडली गेली आणि शेवटी १९९७ साली युरोपीय संघानं त्यांची आयातच थांबवली. तापीत पदरवालं कासव आहे, त्याचं ताट त्याच्यासाठीच राहू द्या. सांभाळणं अशक्य झालं, तर आईबाबांकरवी पशुवैद्याला किंवा वनखात्याला विचारा.

तर मित्रांनो, एक वही करा. तिच्यात रोज तीन रकाने भरायचे: आज काय दिलं, त्यातलं काय खाल्लं, ऊन किती वेळ मिळालं. महिन्याच्या शेवटी वजन आणि पाठीची लांबी लिहा. डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर ही वही फार उपयोगी पडते. आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलात, तर एखाद्या जाणत्या घोडेवाल्याला विचारा, “काका, आधी वैरण की आधी चंदी?” तो काय सांगतो आणि का सांगतो, तेही याच वहीत लिहून ठेवा.